टिटवीचं चौथं अंडं

आज सकाळपर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं — नवऱ्यालाही नाही. आता तुम्हाला सांगते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

निफाडजवळच्या एका गावात मी अंगणवाडीची बाई होते. ‘अंडी’ हा माझा गाजलेला पाठ, खोटं कशाला बोलू? कोंबडीचं, बदकाचं, पालीची बारकी पांढरी, बरणीतल्या पाण्यात बेडकीची, कढीपत्त्याच्या पानावर फुलपाखराचं, मोहरीपेक्षाही लहान. पोरं डोळे विस्फारून बघत. त्या वर्षी तपासणी होती, आणि मला आणखी काहीतरी भारी हवं होतं.

पाच वर्षांच्या सुनंदानं मला हाताला धरून त्यांच्या रानात नेलं. उघड्या जमिनीवर टिटवीची चार अंडी, ढेकळांच्याच रंगाची. तिच्या वडिलांनी भोवती काठ्या रोवून तेवढा तुकडा न नांगरता सोडला होता. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असं मानणारी माणसं. बाहेरच्या कुणाला तिनं दाखवलं नव्हतं, फक्त मला — कळतंय ना?

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती. मी एक अंडं उचललं आणि कापसात गुंडाळून डब्यात ठेवलं.

पाठाच्या आधीच तिचे वडील दारात. “बाई, आमच्या पोरीनं अंडं आनलं का हितं? तिच्याबिगर कोनाला ठावं नव्हतं.”

डबा माझ्या मागच्या कपाटात होता. काय अवघड होतं हो? एक वाक्य! मी म्हणाले, “लहान मुलांचं काय सांगावं, भाऊ.”

त्यांनी तिला तिथंच मारलं. ती रडत नाही-नाही म्हणत होती. आणि मी — मी पाट्या पुसत बसले. अंडं नंतर कुजलं, उकिरड्यावर टाकलं. पाठाचं मात्र कौतुक झालं.

आता सुनंदाच तिथली बाई आहे. आज तिनं मला तिचा पाठ बघायला बोलावलं. ना ट्रे, ना बरण्या. पोरांना बांधावर नेलं, घरट्यापासून दहा पावलांवर थांबवलं आणि म्हणाली, शोधा. काय शोधत होती पोरं! आधी एकीला दिसली, मग सगळ्यांना. चार! कुणी हातही न लावता. माझे सगळे पाठ त्यापुढं फिके. ऊर भरून आला माझा.

मग ती पोरांना म्हणाली, “तुमच्याएवढी असताना मी असंच एक उचललं होतं. लय मार खाल्ला.”

ऐकताय ना? बावीस वर्षं ऐकून ऐकून तिला तेच खरं वाटत होतं.

“तू नाही गं,” मी पोरांसमोरच म्हणाले. “ते मी उचललं. तू फक्त दाखवलं होतंस.”

ती पोरांकडे वळली, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “सुनंदानं अंडं उचललं नव्हतं.”

बाई म्हणेल ते मागून म्हणायची पोरांना सवय. सगळी एका सुरात ओरडली. तिनं ते तीनदा म्हणून घेतलं.