आबांनी माझ्या दगडाला अभिषेक घातला

परवा जळगावच्या घरी माझा दगड बॅगेतून गायब झाला... आणि सापडला देवघरात.

मी पेट्रोलियम विषयात पीएचडी करते. तेलाची विहीर खोदताना तिथला खडक किती दाब सोसेल हे आधी कळावं लागतं, नाहीतर विहीर आतून ढासळते. खरं उत्तर हवं तर खडकाचा तुकडा मशीनमध्ये चिरडायचा. पण माझ्याकडे त्या विहिरीतला एकच तुकडा, मोठ्या बॅटरी सेलएवढा गोल वाळूचा खडक... चिरडला की संपला.

म्हणून आम्ही त्यातून आवाज सोडतो. तो जितक्या वेगात पार होतो, तितका खडक मजबूत असा अंदाज. कोरड्या दगडाचं रीडिंग धुळ्याच्या कॉलेजात घेऊन झालं होतं.

घरी आले आणि दगड असलेली तीच बॅग घेऊन सासूबाईंबरोबर मुक्ताईनगरला दर्शनाला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, प्रसादासाठी बॅग उघडली. नारळाशेजारी गोल गुळगुळीत दगड! सुनेने देव आणला असंच त्यांना वाटलं. दुपारी बघते तर दगड ताम्हनात पाण्यात, वर गंध आणि तुळस...

पाण्याने असा खडक कमजोर होतो. मी आबांवर चिडले आणि ते उठून गॅलरीत जाऊन बसले.

काल तो ओलाच कॉलेजात माझ्या गाईड सरांकडे नेला. सरांनी रीडिंग घेतलं तर आवाज आधीपेक्षा वेगात गेला! सूत्राप्रमाणे दगड मजबूत झाला होता... देव पावला की काय? पण नख फिरवलं तर वाळू सुटून बोटाला लागली.

दगडाच्या भोकांत हवेऐवजी पाणी भरलं, म्हणून आवाज पळाला. ताकद मात्र कमी झालेली. आणि जमिनीखाली तर हा खडक कायम ओलाच असतो, हे माहीत असून मी कोरड्या आकड्यावर निवांत होते. सर म्हणाले, ओल्या खडकाची ताकद आवाजावरून कशी ओळखायची, आता हेच शोध.

संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी विचारलं,

"पन जमीनमा त्याले कोनतं पानी भेटस... गोड का खारं?"

जमिनीत इतक्या खोल पाणी बहुतेक खारंच असतं, आणि खाऱ्या पाण्यात ताकद वेगळी निघू शकते. म्हणजे हेही मोजावं लागणार... आबा, चिडले त्याबद्दल सॉरी, आणि तरीही विचारलंत त्याबद्दल मनापासून थँक यू.