तळहातावरची सालं

भीमराव गजभिये यांनी चौतीस वर्षं वीजकेंद्रात पाइप फिटरचं काम केलं. माप घेतलं की बॉलपेनने डाव्या तळहातावर लिहायचं, ही त्यांची रीत. कागद भिजतो, उडतो. हात कुठं जात नाही.

निवृत्तीनंतर ते लेकीकडे, स्नेहलकडे, सिंगापूरच्या सेंगकांग भागात आले. दहावीत सुटलेली शाळा आत टोचत होती, म्हणून दूरशिक्षणानं बी.ए.ला बसले. पाच वर्षं रोज पहाटे चार तास वाचन. सगळे लेखी पेपर निघाले. अडली ती इतिहासाची तोंडी परीक्षा : युरोप आणि वसाहतींचे स्वातंत्र्यलढे, १८०० ते १८३०. दोनदा कॅमेऱ्यासमोर बसले, दोनदा वाचाच बसली. आज तिसरी आणि शेवटची संधी. नापास झाले तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात.

नात एकतानं लॅपटॉप लावून दिला आणि इथल्या ढंगात म्हणाली, "आजोबा, रिलॅक्स लाह. तुम्हाला सगळं येतं."

"मागच्या वेळीही येतच होतं गं."

"इतिहास काय तुम्हाला खातो का, बाबा?" स्नेहल म्हणाली.

"इतिहास नाही. हा कॅमेरा खातो."

दोघी बाहेर गेल्या. दार लागलं. पडद्यावर परीक्षक शैलेंद्र सर आले.

"काका, नियम माहीत आहेत ना? जवळ कागद नको. दोन्ही हात टेबलावर, मला दिसतील असे."

भीमरावांनी हात पालथे टेकवले आणि त्यांना आठवलं. सकाळी इमारतीखालच्या बाकावर उजळणी करताना त्यांनी सवयीनं तळहातावर लिहिलं होतं : हैती १८०४, स्पेन १८०८, मेक्सिको १८१०, पेरू १८२१, ब्राझील १८२२. पुसायचं राहून गेलं होतं. दिसलं तर नुसतं नापास नाही, नावापुढे कॉपी लागणार.

त्यांनी हात आणखी दाबला. टेबलावर घामाचा ओला ठसा उमटला. पहिले दोन प्रश्न चिरक्या आवाजात कसेबसे निभावले.

"स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहती नेमक्या त्याच काळात का उठल्या?"

हे त्यांना पक्कं येत होतं. एकताला त्यांनी दोन्ही हातांनी हवेत व्हॉल्व्ह फिरवून समजावलं होतं. उजवा हात उचलून पाहिला. पण एका हातानं पाइप धरता येतो, जोड आवळता येत नाही. शब्द फुटेना. दहा सेकंद गेले. वीस.

"काका? आवाज येतोय ना माझा?"

भीमरावांनी डावा हात उचलला आणि तळवा कॅमेऱ्यासमोर धरला.

"सर, आधी हे बघा."

शैलेंद्र सर पुढे झुकले. "अहो काका, ही कॉपी आहे."

"दिसायला आहेच. सकाळी लिहिलं, पुसायचं राहिलं. कामावरची सवय. पण चूक माझी."

सरांनी पेन उचललं. खालून एलआरटीची छोटी ट्रेन गेली.

"मला नोंद करावी लागेल."

"करा, सर."

"रुमाल आहे? बांधा त्या हाताला. हातावरच्या सालांचे गुण धरणार नाही, बाकीचं विचारेन. दुप्पट वेळ."

दातांनी टोक धरून भीमरावांनी गाठ मारली. मग दोन्ही हात उचलले.

"राजा म्हणजे मेन व्हॉल्व्ह, सर. नेपोलियननं तोच काढून नेला, स्पेनच्या राजाला कैद केलं. खालच्या लाइनींनी विचारलं, आता हुकूम कुणाचा? आधी राजाच्याच नावानं कारभारी मंडळं उभी राहिली. राजा परतला आणि जुनाच दाब टाकायला लागला, तेव्हा जोड सुटले."

"परतला कधी?"

"१८१४."

"आणि या सगळ्याच्या शेवटी तुमच्या सिंगापूरकडे काय चाललं होतं?"

"१८२४. पेरूत आयाकुचोच्या लढाईत स्पेन हरला. त्याच वर्षी इंग्रज आणि डचांनी इकडचा समुद्र वाटून घेतला. तिकडे सुटत होतं, इकडे आवळत होते."

वीस मिनिटांची परीक्षा चाळीस मिनिटं चालली.

"पास आहात," सर म्हणाले. "पण नोंद जाईल. समिती बोलावेल. तिथंही असंच सांगा."

पडदा काळा झाला. एकता दार ढकलून आत आली.

"पास?"

त्यांनी रुमालाचा हात पुढे केला. "आधी ही गाठ सोड. फार आवळलीय."