विश्व सरकवणारी माणसं

बाळाच्या दुपट्यांचा ढीग आणि आमच्या ऑफिसातले किस्से, दोन्ही कितीही उपसले तरी संपत नाहीत!

दोन हजार चार-पाचची गोष्ट. नाशिकला कॉलेज रोडवरच्या दोन खोल्यांत आम्ही अंतराळात भटकायचा कॉम्प्युटर गेम बनवत होतो. मंदार प्रमुख, फरहान चित्रकार आणि प्रोग्रामिंगला मी, बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली, निम्मं डोकं पाळणाघरात. क्लायंटला डेमो पटला नाही तर ऑफिसला कुलूप! मग तान्ह्या मुलाच्या आईला दुसरी नोकरी कोण देणार?

*

मंदारला ग्रहांमधली अंतरं अगदी खरी हवी होती. मंगळाकडे यान सोडून आम्ही मिसळ खायला गेलो. परत आलो तरी स्क्रीनवर अंधारच!

"खरं अंतराळ असंच असतं," मंदार म्हणाला.

"मंदारभाई, आपल्याला मिसळ तरी होती," फरहान म्हणाला. "खेळणाऱ्याने काय करायचं?"

अंतरं कमी झाली.

*

यान फार लांब गेलं की थरथरायचं. अंतराचे आकडे इतके मोठे होत, की कॉम्प्युटरला बारीक हिशेब झेपेना. शेवटी ठरलं, यान जागेवरच ठेवायचं आणि अख्खं विश्व मागे सरकवायचं! घरी हे सांगताना मलाच वाटलं, आपण एवढं शिकून नक्की करतो तरी काय?

सासूबाईंनी माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. "त्यात काय! हा विनू सोफ्यावरून हलतो का? आपणच सगळं घर त्याच्याकडे सरकवतो!"

*

लाल ग्रहासाठी फरहानने लासलगावच्या कांदा मार्केटमधल्या जमिनीचा फोटो काढला. मेमरी कमी, म्हणून तोच फोटो ग्रहभर चिकटवला. कोपऱ्यात ट्रॅक्टरच्या चाकाचा ठसा होता. तोही ग्रहभर!

क्लायंटचे साहेब पहिल्यांदा आले तेव्हा बराच वेळ बघत राहिले. "हा ग्रह निर्जन आहे ना?"

"हो सर," फरहान म्हणाला, "लिलाव कधीच संपलाय!"

*

डेमोच्या दिवशी नेमकं पाळणाघर बंद. बाळाला कडेवर घेऊनच गेले. यान ग्रहावर उतरताना जमीन लोड होईपर्यंत स्क्रीन गोठायची. डोंगर कमी करून गेम हलका, म्हणजे आमच्या भाषेत ‘ऑप्टिमाइझ’, केला असता तर भागलं असतं, पण मंदार एकही टेकडी सोडेना. आणि साहेबांनी मागच्या वेळीच बजावलेलं, "पुन्हा अडकलं तर प्रोजेक्ट बंद!"

यान खाली आलं. स्क्रीन गोठली. मंदारने डोळे मिटले. मी घाबरून बाळाला इतकं आवळलं, की त्याने भोकाडच पसरलं!

"अले अले, कोण ललतंय?" साहेब गर्रकन वळले. बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी फाइलीआड तोंड लपवलं. "भॉक!"

बाळ खिदळलं. पुन्हा "भॉक!"

"मॅडम," मंदार एक डोळा उघडून माझ्या कानाशी कुजबुजला, "अजून थोडं खेळू द्या!"

साहेबांनी मान वर केली तेव्हा समोर डोंगरदऱ्या पसरल्या होत्या.

"अरे! उतरलंसुद्धा? मागच्या वेळी अडकत होतं ना?"

"ऑप्टिमाइझ केलंय, सर," मंदार म्हणाला.

ऑप्टिमायझेशन साहेबांचा टाय चोखत होतं.