डी.फार्म की बी.फार्म?

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी लेकीच्या ॲडमिशनची चौकशी करायला आम्ही दोघी कुडव्याहून स्कूटीने गोंदियातल्या एका फार्मसी कॉलेजात गेलो... आणि परत येताना डोकं पार भिरभिरत होतं. माझं, तिचं नाही.

तन्वी यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीचे मार्कही चांगले आलेत. तिला चार वर्षांचं बी.फार्म करायचं होतं आणि मी दोन वर्षांच्या डी.फार्मवर अडून बसले होते.

नऊ वर्षांपासून मी एका मेडिकल स्टोअरमध्ये काम करते. कुठली गोळी कुठल्या कप्प्यात, सगळं तोंडपाठ... पण बारावी सायन्सनंतर लग्न झालं, शिक्षण तिथेच थांबलं. डी.फार्म झालेली कालची पोरगी येते, ती फार्मासिस्ट. मी काउंटरवाली ताई.

तन्वीचं तसं होऊ नये. दोन वर्षांत हातात डिप्लोमा, मग स्वतःचं दुकान... मी ठरवूनच टाकलं होतं. यावरून आठ दिवस घरात धुसफूस चालली होती.

कॉलेजातल्या मॅडमनी आमचं दोघींचं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मेडिकल टाकायचं असेल तर डी.फार्म पुरतं. औषध कंपनी, रिसर्च असं काही डोक्यात असेल तर बी.फार्म कर. तुला काय करायचंय?"

"मला कंपनीत, लॅबमध्ये जायचंय," तन्वी म्हणाली. आणि अगदी सहज पुढे... "दुकान आईला टाकायचंय."

खरं होतं ना ते.

मग तिनेच विचारलं, "मॅडम, आई एकोणचाळीसची आहे, बारावी सायन्स. तिला डी.फार्म करता येईल?"

मॅडम हसल्या नाहीत. "वयाची अट नाही. मार्कशीट घेऊन या," एवढंच म्हणाल्या.

घरी नवऱ्याला सांगताना जीभ अडखळत होती. दवनीवाड्याचा माणूस, मोजकंच बोलतो. जेवता जेवता म्हणाला, "त मंग भर ना फॉर्म. मले कायले विचारून राहिली?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गावी गेला आणि सासूबाईंच्या पेटीतून माझी मार्कशीट शोधून घेऊन आला. कोपरा थोडा कुरतडलेला, पण मार्क नीट दिसत होते...

काल डी.फार्मच्या यादीत माझं नाव लागलं. मोबाईलवर चारदा बघितलं, मग तन्वीला बघायला लावलं. तिचा बी.फार्मचा राउंड पुढच्या आठवड्यात आहे, पण काल घरभर तीच नाचत होती. दुकानाच्या मालकांनीही मला संध्याकाळची ड्युटी चालेल म्हणून सांगितलंय.

एकवीस वर्षांनी वर्गात बसायचंय. भीती वाटतेय आणि आनंदही मावत नाहीये...

तन्वी, तो प्रश्न तू माझ्यासाठी विचारलास. मला स्वतःला तो कधीच विचारता आला नसता.