आमच्या वाट्याची वचनं

आई पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत चपात्या लाटायची. वडील लवकर गेले. स्वयंपाकघरामागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. थंडीत पत्र्याला आतून पाणी सुटायचं आणि गोधडी ओली व्हायची. आजोबांनी उंब्रजला बाप्तिस्मा घेतला होता. जात सोडली म्हणाले. जात मागच्या गाडीनं पाचगणीला आली.

नवीन वर्षाच्या उपासनेत शाळेच्या चर्चमध्ये एक ताट फिरायचं. ताटात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, चिठ्ठीत बायबलचं एक वचन. ते तुमचं वर्षाचं वचन. बाकांवरची माणसं आपल्या हातानं उचलायची. स्वयंपाकघरातली आम्ही भिंतीकडेला उभी. ताट आमच्यापर्यंत आलं. मी हात पुढं केला. मेट्रन मॅडमनी ताट वर उचललं.

"तुमची मी वेगळी काढून ठेवलीत."

आमची कायम एकाच चालीची. चाकरांनी धन्यांचं ऐकावं. कुरकुर न करता काम करावं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं ते वचन भातानं ट्रंकेच्या झाकणाला चिकटवलं. रोज हात लावून पाया पडायची. मला वाचता येत होतं. मी गप्प बसायची.

पुढं मी बी.कॉम. झाले. घराण्यातली पहिली. कुपवाडला कारखान्यात स्टोअरला लागले, सांगलीच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, जायला लागले. तिथं एक निवृत्त प्राध्यापक वर्षभराच्या बायबल वाचनाचा तक्ता वाटत होते. मीही हात पुढं केला.

"तुम्ही कारखान्यात ना? दमत असाल. संपूर्ण शास्त्र तुम्हाला झेपायचं नाही. स्तोत्रं म्हणा. तुमच्या लोकांचा गळा बरा असतो."

दोघंतिघं हसले. मी म्हणाले, "सर, मी बी.कॉम. आहे."

"अरे वा." आणि तक्ता शेजारच्याला दिला.

लाज वाटली ती त्यांच्या बोलण्याची नाही. पदवी दाखवली त्याची. देवाचं पुस्तक वाचायला मी पदवी कशाला दाखवू? मग तोंडातून आमची भाषाच आली.

"झेपतंय का न्हाई, ते मी वाचून सांगीन."

तक्ता मी माझा मीच आखला. सुरुवात निर्गमाच्या पुस्तकापासून, कारण तिथं गुलाम बाहेर पडतात. मग आमोस, मग मार्क, मग उरलेलं सगळं. जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना वाचायचं, संध्याकाळी तेच आईला फोनवर वाचून दाखवायचं. ती अजून पाचगणीलाच होती.

एका संध्याकाळी विटांचं प्रकरण आलं. मिसरचा राजा फारो विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद करतो आणि विटा मात्र पहिल्याएवढ्याच मागतो. वर गुलामांनाच आळशी म्हणतो.

 आई म्हणाली, "ह्ये बी त्यातच लिवलंय?"

"व्हय."

"मग मॅडमच्या ताटात ही चिठ्ठी कवा कशी आली न्हाई गं?"

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेचं झाकण ओल्या फडक्यानं घासून काढलं.

लेवीय, म्हणजे बळी-अर्पणांच्या नियमांचं पुस्तक, वाचताना मलाही झोप यायची. आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे बाई, बोकडांचं लय झालं." ऱ्हाऊ दिलं नाही. आमच्यासाठी गाळून देणारे पुष्कळ भेटले होते. त्यात माझी भर नको.

वाचून झालं तेव्हा सरांना सांगितलं. ते खूश झाले. "युवकांपुढं साक्ष द्या, काय अनुभव आला ते सांगा. नम्रपणे, थोडक्यात. मुद्दे मी लिहून देतो."

"मुद्दे माझे हाईत सर," मी म्हणाले. "आणि थोडक्यात व्हायचं न्हाई."

त्यांनी मला बोलावलं नाही. नको बोलावू दे. कुपवाडला माझ्या खोलीत रविवारी दुपारी कामावरच्या बाया येतात. पुस्तक मधे ठेवतो. ज्या बाईची पाळी ती म्हणेल ते पान उघडतं. मी ठरवत नाही, दुसऱ्या कुणाला ठरवू देणार नाही.

संपूर्ण बायबल मी वाचलं आहे. एकही पान न गाळता, माझ्या क्रमानं. आणि आईनं ते सगळं ऐकलं आहे.