नानांच्या सोनेरी झाडाचा आजार

मला बघायला आलेल्या मुलाने माझ्याआधी आमचं झाड बघितलं... आणि सरळ म्हणाला, "हे आजारी आहे."

लोणावळ्यातली गोष्ट. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आता माझी नव्वदी उलटलीय. नातसून म्हणाली, आजी, हे फेसबुकवर टाकूयाच. मी सांगतेय, ती टाइप करतेय... चुका तिच्या.

माझे वडील, नाना, रेल्वेतून रिटायर होऊन लोणावळ्याला घर बांधून राहिले. इकडच्या पावसात नाजूक झाडं तग धरत नाहीत, म्हणून मागच्या अंगणात त्यांनी काचघर उभारलं. आईच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळायचं, पण काचघरात थेंब यायचा नाही!

तिथलं एक झुडूप नानांचं भारी लाडकं. कंदिलासारखी लोंबती केशरी फुलं, आणि हिरव्या पानांवर सोन्याचा वर्ख लावावा तसे पिवळे ठिपके. पाहुण्यांना चहाच्या आधी ते दाखवलं जायचं.

शेजारी कुंडीत त्याच जातीचं दुसरं, लहानसं झुडूप होतं. त्याची फुलं पांढरीशुभ्र, पण पानं साधी हिरवी. पांढरी फुलं आणि सोनेरी पानं एकाच झाडाला यावीत, एवढाच नानांना ध्यास. ब्रशने ह्याचे पराग त्याला लावत बसायचे, बी धरायचे, रोपं करायचे... आणि प्रत्येक रोप हिरवंगार!

तर हा मुलगा तळेगावचा. शेतकी शिकलेला, पुण्याला झाडांच्या रोगांच्या लॅबमध्ये नोकरीला. नानांनी मोठ्या हौसेने त्याला काचघरात नेलं. मागून दोन्हीकडची मंडळी, आणि सगळ्यांच्या मागे नऊवारी सावरत मी.

त्याने एक पान उजेडात धरलं आणि आजारी असल्याचं जाहीर केलं. वर समजावूनही सांगितलं, "हा व्हायरस आहे. ठिपके बघा, शिरेपाशी येऊन कसे थांबलेत. हा रोग फांदीतून जातो, बियांतून जात नाही. म्हणून तुमची रोपं हिरवी निघतात."

आमचे परंदवडीचे माळी गंगारामभाऊ लगेच पुढे आले. "आजारी? न्हाई ओ, लय खातंय ते! शेणखत पुरत न्हाई त्याला."

मी खदखदून हसले... बघायला आलेल्या मंडळींसमोर! आईने असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

पाहुणे निघाले तसे नाना आईला म्हणाले, "आज झाडाला आजारी म्हणाला, उद्या आपल्या सुमीला म्हणेल. नकोच हे स्थळ."

"खरं तेच बोलला असेल तो," आई म्हणाली.

"मग सिद्ध करून दाखवावं म्हणावं!"

मुलगा अजून ओसरीवरच होता. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असाच आत आला. "दाखवतो," म्हणाला.

त्याने ठिपक्यांच्या झाडाची एक काडी कापली आणि पांढऱ्या फुलांच्या झाडावर तिचं कलम बांधलं. जुनी पानं हिरवीच राहतील, पण ह्या झाडाच्या स्वतःच्या नवीन पानांवर ठिपके आले तर रोग... नाही आले तर मी चुकलो, असं नानांना सांगून गेला.

मग दर रविवारी तो तळेगावहून गाडीने 'पेशंट' बघायला यायचा. नाना पहाऱ्यावर, मी झारी घेऊन आसपास. आम्ही बोलायचो फक्त पानांबद्दल... पानांबद्दल एवढं बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं!

पण पंचाईत अशी की ठिपके आले तर नाना अपमानाने पेटणार, आणि नाही आले तर मुलगा खोटा ठरणार. दोन्हीकडून माझं लग्न मोडणारच होतं. तरी त्याने हरू नये असं वाटायचं. एका सकाळी कुंडीच्या ह्या बाजूला मी वाकलेली, ठिपके येऊ देत म्हणून... आणि त्या बाजूला नाना, न येऊ देत म्हणून. आई म्हणाली, "देवाने ऐकायचं तरी कुणाचं?"

देवाने माझं ऐकलं. नवीन पान उमललं ते पिवळे ठिपके घेऊनच. त्याच्या पुढचंही तसंच.

नाना जेवताना एक शब्द बोलले नाहीत. जेवण झाल्यावर कोट चढवला, टोपी घातली, कुंडी उचलली आणि स्टेशनकडे चालू लागले. "मोडायला निघाले गं," म्हणून आईने पदर डोळ्यांना लावला. मी काचघरात जाऊन मनसोक्त रडले.

तळेगावला काय झालं ते मला पुढे सासूबाईंनी सांगितलं. नानांनी बैठकीच्या मधोमध कुंडी ठेवली. सासरे बिचारे हात जोडून पोराच्या वतीने माफी मागायला लागले... नानांनी त्यांना थांबवलं.

"अहो, कळी आलीय बघा. पांढरी! पांढरी कळी आणि सोनेरी पानं..." नानांनी कुंडी गोल फिरवून सगळ्यांना दाखवली. मग मुलाकडे वळून म्हणाले, "जावईबापू, हा आजार अजून किती झाडांना लावता येईल हो?"

लग्नात मांडवाच्या दाराशी दोन्ही बाजूंना ती आजारी झाडं होती. वऱ्हाडी कौतुक करून थकले... आम्ही कुणीच काही बोललो नाही.

हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. एका व्हायरसचे मनापासून आभार मानणारी बाई फेसबुकवर बहुधा मी एकटीच असेन. पण त्याहून जास्त आठवतात ते नाना. चूक निघाली म्हणून वर्षानुवर्षं अबोला धरणारी माणसं मी पुढे खूप पाहिली... आमचे नाना एका जेवणापुरतेच गप्प बसले.