आकड्याचा झोका

बाई कपडे दुरुस्तीचं काम करायची. बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं. शिवणयंत्राशिवाय दुसऱ्या कुठल्या यंत्राला हात लावायचा म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडत. जावयाने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, तर तिने आधी त्याला उरल्यासुरल्या कापडाचं आवरण शिवलं, आणि ते पुढे काढलंच नाही.

नवरा क्रेनवाला. आभाळाला टेकलेल्या क्रेनच्या काचेच्या खोलीत बसून त्याने उभा जन्म लोखंड आणि सिमेंट उचलून ठेवलं. घरी आला की मात्र पाण्याचा पेलाही जागचा हलवायचा नाही.

"तिकडे डोंगर उचलता," ती म्हणायची, "इथे कप उचलायला कोणाची परवानगी लागते?"

"खालचा माणूस हाताने खूण करून सांगेल तेव्हाच उचलायचं, असा नियम आहे," तो हसत म्हणायचा. "सांग की."

मग एका सकाळी तो न्हाणीघराच्या दारात कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, त्यांना बाहेर यायची वाट सापडत नाहीये. आवडीचं काहीबाही समोर ठेवत जा. तिने लग्नातले फोटो ठेवले, रेडिओ लावला, कामावरचे सोबती बोलावून आणले. तो सगळ्यांकडे पाहुण्यासारखा बघायचा. देवापुढे दिवा लावताना ती एवढंच म्हणायची, मला हाक नाही मारली तरी चालेल, पण यांच्या तोंडातून एक शब्द येऊ दे.

शेवटी तिने आवरण काढलं. परगावी राहणाऱ्या लेकीने फोनवरून एकेक पायरी सांगितली: हे दाब, ते उघड, इथे सगळे खेळ फुकट असतात. बाईने एकेक लावून पाहिला. एकात रेघ ओढायची आणि तिच्यावरून चेंडू घरंगळत न्यायचा. दुसऱ्यात लाकडं जोडून पूल बांधायचा. ती स्वतःच रमायची, नवरा खिडकीकडे तोंड करून बसायचा.

आणि एका खेळात क्रेन निघाली. लहानशी, धक्क्यावर उभी. आकड्याला पेटी लोंबतेय, खाली होडी. पेट्या नीट रचल्या तर होडी पुढे जाते, नाहीतर कलंडते. बाईने घाईने माऊस ओढला. पेटी झोके घेत होडीच्या काठावर आपटली आणि होडी बुडाली.

"थांब."

बाईने मागे वळून पाहिलं नाही. वळले आणि गेला शब्द परत, तर? तिने दुसरी पेटी उचलली.

"झोका," मागून सावकाश आलं. "थांबू दे."

तिने थांबू दिलं. पेटी डुलली, कमी डुलली, स्थिर झाली.

"सोड."

त्या दिवसापासून दुपारी शिवणयंत्र बंद आणि होडी सुरू. जन्मभर खालच्या माणसाचं ऐकणारा आता स्वतः खालचा माणूस झाला होता. "घ्या, फेडा हौस, बायकोला हुकूम सोडायची," ती म्हणायची, आणि त्याच्या तोंडाची डावी बाजू हसायची. खेळ बंद केला की तो मुका. जेवताना मुका, आंघोळीला मुका. तिला वाटायचं, हा खेळ ज्याने केला त्याला देव सुखी ठेवो. बाकीच्या खेळांत वस्तू कागदासारख्या उडत. या खेळातल्या पेटीला वजन होतं, आणि ते वजन नवऱ्याच्या ओळखीचं होतं.

"चिमणे, ये," तिने लेकीला सांगितलं. "बाबांचा आवाज ऐकशील."

लेक आली ती रडवेल्या उत्साहात. बाबा झोपले होते तेवढ्यात तिने कॉम्प्युटर उघडला. "अगंबाई, किती जुनाट ठेवलंय सगळं! बाबांना ताटकळत बसावं लागत असेल." तिने भराभर कॉम्प्युटरमधलं जुनं सगळं काढून नवीन घातलं. चहा होईपर्यंत काम झालं होतं.

संध्याकाळी तिघं समोर बसली. खेळाच्या जागी करडा चौकोन आला. आत कोड्याच्या तुकड्यासारखं एक चित्र आणि दोन ओळी. लेकीने त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या.

"आई, हा खेळ आता नव्यात चालत नाही म्हणे. जुनं काढलं की..." ती थांबली. "मी परत आणते. आत्ता आणते."

तिने जंग जंग पछाडलं, पण काढलेलं जुनं परत बसेना. क्रेनचे दुसरे खेळ लावले. त्यांत पेट्या टणकन बसायच्या, झोकाच नाही. बाबांनी थोडा वेळ पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. सुट्टी संपली. लेक गेली ती वडिलांच्या पायांना हात लावून, आईकडे न बघता.

पुढे रोज फोन. "बोलले?" "नाही गं." "माझ्यामुळे." "तुझ्यामुळे कशाला? मीच का नाही धरला तुझा हात?"

मग बाईने एक दिवस कपाटाच्या मुठीवरून जाड दोरा टाकला, एक टोक हातात धरलं, दुसऱ्याला जड कात्री लोंबकळवली. स्टुलावर बटणांचा रिकामा डबा पालथा ठेवला. फोन लावून डब्याशेजारी ठेवला. "चिमणे, बोलू नकोस. नुसती ऐक."

तिने दोऱ्याला हलका धक्का दिला. कात्री डुलू लागली. नवऱ्याने खिडकीकडून मान वळवली. नजर कात्रीबरोबर जाऊ-येऊ लागली. बाईने दोरा सैल करायला घेतला, तसा त्याचा डावा हात वर आला, पंजा उघडा. थांब. ओठ हलले. शब्द आला नाही.

झोका मंदावला, थांबला. त्याचा तळहात जमिनीकडे झाला आणि सावकाश खाली येऊ लागला. पूर्वी वरच्या काचेतून तो रोज हीच खूण बघत असे. बाईने त्या हाताच्या चालीने दोरा सोडला.

कात्री डब्यावर टेकली. टक्.

"आई?" फोनमधून आवाज आला. "बोलले का? मला काहीच ऐकू आलं नाही. आई, काय म्हणाले?"

बाईला खोटं बोलता आलं नाही. "बोलले नाहीत, बाळा. हाताने सांगितलं."

तिने फोन डब्याच्या आणखी जवळ सरकवला.

"ते टक् वाजलं ना," बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "ते बाबांनी ठेवलं."

"आई, परत एकदा," लेक म्हणाली. "परत एकदा ठेवायला सांग."

बाईने कात्री उचलली आणि झोका थांबायची वाट बघत दोरा धरून उभी राहिली.